मुंग्यांची साक्ष

मराठीत दुखण्याला शब्दांची कमतरता नाही. दात ठणकतो, गळू ठसठसतं, पोटात कळ येते, कंबरेत उसण भरते, मांडीतून सणक जाते, खरचटलेलं चुरचुरतं. डॉक्टरांसमोर बसलेला माणूस यांतला नेमका शब्द शोधत असतो, कारण त्या शब्दापलीकडे त्याच्याजवळ दाखवण्यासारखं फारसं काही नसतं. ताप थर्मामीटरवर दिसतो, मोडलेलं हाड एक्स-रेत दिसतं. वेदनेचा साक्षीदार मात्र एकच असतो : ज्याला दुखतं तो.

कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ मध्ये वेदनेची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात रुग्णांच्या तोंडचे ७८ शब्द २० गटांत लावलेले होते. ठणकणं, भोसकल्यासारखं होणं, आग होणं, जीव नकोसा होणं. मोजपट्टी म्हणून अखेर शब्दच हाती घ्यावे लागले, यातच वेदनेच्या अभ्यासाची सगळी अडचण सामावलेली आहे.

ही अडचण जिथे सर्वांत ठळकपणे दिसते, त्या एका उपकरणाचा हा इतिहास आहे. इंग्रजीत त्याला ‘स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटर’ म्हणतात. पाठीच्या कण्यात, मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या पोकळीत, बारीक तारा सरकवतात. त्यांच्या टोकाशी इलेक्ट्रोड असतात. कंबरेच्या किंवा पोटाच्या त्वचेखाली बॅटरीची लहानशी डबी बसवतात. डबीतून विजेचे सौम्य ठोके सुटतात आणि, सारं नीट जुळलं तर, पायातल्या आगीच्या जागी मुंग्या येतात. मांडी घालून फार वेळ बसल्यावर येतात, साधारण तशाच. या मुंग्या म्हणजे उपचार लागू पडत असल्याची खूण, असं डॉक्टर आणि रुग्ण दोघंही जवळजवळ पन्नास वर्षं मानत आले. आणि याच मुंग्यांमुळे उपचाराची खरी परीक्षा तितकीच वर्षं लांबली.

समुद्रकाठचा पाकट

वेदनेवर विजेचा उपाय विजेच्या शोधाहून जुना आहे. रोमन सम्राट क्लॉडियसच्या काळातला वैद्य स्क्रिबोनिअस लार्गस याने इसवी सन ४७च्या सुमारास औषधयोगांचा एक ग्रंथ लिहिला. जुनाट डोकेदुखीवर त्याने सांगितलेला उपाय असा : टॉर्पेडो जातीचा जिवंत मासा दुखऱ्या जागी ठेवावा आणि ती जागा बधिर होईपर्यंत तो तसाच राहू द्यावा. पायाच्या संधिवातावरही तसंच. लाटा येतात त्या ओल्या किनाऱ्यावर, पायाखाली जिवंत मासा घेऊन, गुडघ्यापर्यंत बधिरपणा चढेपर्यंत उभं राहावं. हा मासा म्हणजे आपल्या कोकणच्या कोळ्यांना ठाऊक असलेल्या पाकटाचा दूरचा भाऊबंद, पण शरीरात वीज साठवणारा. त्याच्या लॅटिन नावाचा अर्थच मुळी बधिरपणाशी निगडित आहे.

या कृतीत पुढच्या साऱ्या इतिहासाचं बीज आहे. दुखणाऱ्या जागी दुसरी संवेदना आणायची आणि पहिली हटते का ते पाहायचं. हटली की नाही, हे रुग्णानेच सांगायचं.

अठराव्या शतकात वीज बाटलीत साठवता येऊ लागली आणि युरोपात विजेच्या उपचारांची लाट आली. बेंजामिन फ्रँकलिन यांनी अर्धांगाच्या रुग्णांवर विजेचे प्रयोग केले आणि १७५७ मध्ये जे लिहून ठेवलं ते आजही वाचण्यासारखं आहे. सुरुवातीला काही रुग्णांत सुधारणा दिसली, पण ती टिकली नाही. प्रवासाचा व्यायाम आणि बरं होण्याची आशा यांचा त्या तात्पुरत्या सुधारणेत किती वाटा होता, अशी शंकाही त्यांनी घेतली. या शंकेचं उत्तर शोधण्याची पद्धत मात्र वैद्यकाजवळ नव्हती. ती यायला आणखी दोनशे वर्षं जावी लागली.

घंटेची दोरी आणि दार

मधल्या काळात वेदनेविषयीची समजूत एका चित्राने बांधून ठेवली होती. देकार्तच्या मृत्यूनंतर १६६४ मध्ये फ्रेंच भाषेत छापल्या गेलेल्या ग्रंथात एका माणसाचा पाय विस्तवाजवळ आहे आणि पायापासून मेंदूपर्यंत एक धागा गेलेला आहे. पायाशी धागा ओढला जातो आणि वर मेंदूत खूण मिळते, देवळातल्या घंटेची दोरी ओढावी तशी. हे चित्र खरं मानलं, तर जेवढी इजा तेवढी वेदना. आणि वेदना थांबवायची तर दोरी कापायची. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शल्यविशारदांनी नेमकं हेच केलं. त्यांनी मज्जातंतू कापले, मज्जारज्जूतले मार्ग कापले. पुष्कळदा वेदना काही महिन्यांनी परत आली, कधी आधीपेक्षा उग्र होऊन.

दोरीच्या सिद्धान्ताला पहिला मोठा धक्का रणांगणाने दिला. अमेरिकी भूलतज्ज्ञ हेन्री बीचर दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर होते. गंभीर जखमी झालेल्या २१५ सैनिकांना त्यांनी वेदनेबद्दल विचारलं. वेदनाशामक हवं का, या प्रश्नाला सुमारे तीन-चतुर्थांश सैनिकांनी नकार दिला. १९४६ मध्ये हे निरीक्षण त्यांनी प्रसिद्ध केलं. या सैनिकांच्या लेखी जखम म्हणजे रणांगणातून जिवंत सुटका होती. इजा तीच, पण तिचा अर्थ बदलला की वेदना बदलते, असा निष्कर्ष बीचर यांनी काढला. याच बीचर यांनी १९५५ मध्ये प्लासिबोवर, म्हणजे औषधी गुण नसलेल्या उपचाराने पडणाऱ्या फरकावर, एक गाजलेला लेख लिहिला. ही दोन्ही निरीक्षणं एकाच माणसाची आहेत, हे पुढच्या हकिकतीसाठी लक्षात ठेवायला हवं.

मग १९ नोव्हेंबर १९६५ रोजी ‘सायन्स’ नियतकालिकात मेल्झॅक आणि ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ पॅट्रिक वॉल यांचा वेदनेच्या नव्या सिद्धान्तावरचा लेख आला. त्यांची मांडणी थोडक्यात अशी. स्पर्शाची जाणीव नेणारे तंतू जाड असतात, वेदनेचे संदेश नेणारे बारीक. दोन्ही मज्जारज्जूत शिरतात तिथे एक ‘दार’ आहे. बारीक तंतूंची वर्दळ वाढली की दार उघडतं, जाड तंतूंची वाढली की मिटतं. शिवाय मेंदूकडून खाली येणारे संदेशही ते उघडू-मिटू शकतात. गुडघा आपटल्यावर हात आपोआप तिथे जाऊन जागा चोळू लागतो. आई मुलाचं टेंगूळ चोळते. याला पहिल्यांदाच शास्त्रीय स्पष्टीकरण मिळालं, आणि बीचर यांच्या सैनिकांनाही सिद्धान्तात जागा मिळाली.

या दाराच्या रचनेचे बारकावे पुढे पुष्कळसे चुकीचे ठरले. १९७८ मध्ये वॉल यांनी स्वतःच सिद्धान्ताची फेरमांडणी केली. पण घंटेची दोरी मात्र कायमची गेली. मज्जारज्जूत वेदनेवर प्रक्रिया होते, ती वाढवता-घटवता येते, ही कल्पना टिकली.

क्लीव्हलँड, १९६७

सिद्धान्त खरा असेल, तर जाड तंतूंना विजेने चेतवलं की वेदना कमी व्हायला हवी. वॉल आणि न्यूरोसर्जन विल्यम स्वीट यांनी आधी स्वतःच्याच चेहऱ्यातल्या मज्जातंतूंवर वीज लावून पाहिली आणि नंतर आठ रुग्णांवर. १९६७च्या जानेवारीत त्याचा अहवाल आला.

त्याच सुमारास अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये नॉर्मन शीली हे तरुण न्यूरोसर्जन एक पाऊल पुढे गेले होते. जाड तंतूंच्या लांबच लांब शाखा मज्जारज्जूच्या पाठीकडच्या भागातून एकत्र वर जातात. एकेका मज्जातंतूमागे लागण्यापेक्षा तिथेच इलेक्ट्रोड ठेवला तर? चेतना वर मेंदूकडे जाईल, तशी उलट दिशेने खाली ‘दारा’कडेही येईल. शीली यांनी आधी मांजरांवर प्रयोग केले. उपकरणाचं काम अभियांत्रिकीचे विद्यार्थी थॉमस मॉर्टिमर यांनी पाहिलं. मार्च १९६७ मध्ये सत्तर वर्षांच्या एका रुग्णावर पहिली शस्त्रक्रिया झाली. त्याला फुप्फुसाचा, शस्त्रक्रियेपलीकडे गेलेला कर्करोग होता आणि छातीत-पोटात असह्य वेदना होत्या. वीज सुरू केल्यावर वेदना कमी झाली. रुग्ण मात्र त्यानंतर फार काळ जगला नाही.

एक रुग्ण, थोडा अवधी आणि त्याचं स्वतःचं सांगणं. एवढ्या पुराव्यावर एका उपचाराचा आणि नंतर एका उद्योगाचा पाया रचला गेला. त्या काळी नवी उपकरणं अशीच येत. अमेरिकेत वैद्यकीय उपकरणांवर व्यापक कायदेशीर नियंत्रण १९७६ मध्ये आलं. तोवर हे यंत्र बाजारात रुळलेलं होतं. ते बनवण्यात पुढाकार होता मेडट्रॉनिक या कंपनीचा. अर्ल बॅकन आणि त्यांचे मेहुणे पामर हर्मंडस्ली यांनी १९४९ मध्ये मिनिआपोलिसच्या एका गॅरेजमध्ये सुरू केलेली ही कंपनी पेसमेकरमुळे नावारूपाला आली होती. हृदयाला ठोके देणारी डबी आता मज्जारज्जूला ठोके देऊ लागली.

सुरुवातीची यंत्रं ओबडधोबड होती. इलेक्ट्रोड बसवायला कण्याचं हाड कापावं लागे. शरीरात फक्त ग्राहक असे. बॅटरी बाहेर ठेवून त्वचेवर चिकटवलेल्या अँटेनातून रेडिओलहरींनी वीज आत पाठवावी लागे. तारा तुटत, जागेवरून सरकत, जंतुसंसर्ग होई. ज्यांनी हे सुरू केलं त्या शीली यांनीच सत्तरच्या दशकात हे रोपण सोडून दिलं आणि व्यायाम, विश्रांती, मनःशांती यांवर आधारलेल्या वेदना-पुनर्वसनाकडे ते वळले.

या काळातली एक घटना मोठी गमतीची आहे. रोपणाला कोण योग्य ते ठरवण्यासाठी शीली रुग्णांच्या त्वचेवर इलेक्ट्रोड लावून आधी चाचणी घेत. त्यासाठी ‘इलेक्ट्रीट’ नावाचं, पूर्वी सर्वरोगहारक म्हणून विकलं गेलेलं विजेचं यंत्र त्यांनी वापरलं. काही रुग्णांना त्या चाचणीनेच इतका आराम पडला की रोपणाची गरजच उरली नाही. आज फिजिओथेरपिस्टकडे ‘टेन्स’ नावाचं जे छोटं यंत्र दिसतं, त्याची वाढ अशा चाचण्यांतून झाली. पात्रता-परीक्षाच उपचार ठरली. ती आशेची परीक्षा होती की विजेची, असा प्रश्न तेव्हा फारसा कुणी विचारला नाही.

पालथा झोपलेला साक्षीदार

पुढच्या तीन दशकांत यंत्र सुधारलं. हाड न कापता जाड सुईतून तार सरकवता येऊ लागली. ऐंशीच्या दशकात बॅटरीही शरीरात गेली. २००४ पासून त्वचेवरूनच पुन्हा भारित करता येणाऱ्या बॅटऱ्या आल्या. कर्करोगाच्या रुग्णांऐवजी आता मुख्य रुग्ण होता तो मणक्याची शस्त्रक्रिया होऊनही पाठ-पाय दुखायचे न थांबलेला माणूस.

शस्त्रक्रियेची नेहमीची रीत पाहण्यासारखी आहे. रुग्ण पालथा झोपलेला, पण पुष्कळदा जागा. फक्त सुईची जागा बधिर केलेली. सर्जन तार किंचित सरकवतो, वीज सोडतो आणि विचारतो, “मुंग्या कुठे येतायत?” “मांडीत.” “आता?” “पोटरीपर्यंत.” मुंग्यांनी दुखरा भाग झाकला की तार तिथे पक्की करायची. मग साधारण आठवडाभर बॅटरी बाहेर ठेवून चाचणी घ्यायची. वेदना निम्म्याने घटली असं रुग्णाने सांगितलं, तर डबी आत बसवायची. साऱ्या शल्यशास्त्रात रुग्णाच्या शब्दाला इतका मान क्वचितच मिळाला असेल.

पुरावेही जमू लागले. जॉन्स हॉपकिन्सचे रिचर्ड नॉर्थ यांनी २००५ मध्ये पुन्हा शस्त्रक्रिया आणि रोपण यांची तुलना प्रसिद्ध केली. रोपणाच्या १९ पैकी ९ जणांना यश, फेरशस्त्रक्रियेच्या २६ पैकी ३ जणांना. २००७ मध्ये कॅनडातले भारतीय वंशाचे न्यूरोसर्जन कृष्ण कुमार यांच्या नेतृत्वाखाली शंभर रुग्णांचा आंतरराष्ट्रीय अभ्यास आला. सहा महिन्यांनंतर पायाची वेदना निम्म्याने कमी झालेले रुग्ण रोपणाच्या गटात ४८ टक्के, औषधं वगैरे नेहमीच्या उपचारांच्या गटात ९ टक्के. २००८ मध्ये ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने ठरावीक रुग्णांसाठी रोपणाची शिफारस केली.

हे आकडे खोटे नव्हते, पण त्यांत एक फट होती. ४८ टक्क्यांच्या गटाला आपल्या पाठीत यंत्र आहे हे ठाऊक होतं आणि त्याच्या मुंग्या येत होत्या. ९ टक्क्यांचा गट जुन्याच गोळ्या घेत होता. नव्या उपचाराची आशा एकाच पारड्यात पडली होती.

शस्त्रक्रियेने केवळ आशेवर किती गुण येऊ शकतो, याचा धडा वैद्यकाला आधीच मिळालेला होता. पन्नासच्या दशकात हृदयशूलावर छातीतल्या एका रोहिणीला गाठ मारण्याची शस्त्रक्रिया लोकप्रिय होती. १९५९ मध्ये १७ रुग्णांचा एक अभ्यास झाला. काहींची रोहिणी बांधली, काहींना नुसता छेद देऊन शिवलं. कुणाचं काय केलं, ते रुग्णाला ठाऊक नव्हतं. आराम दोन्ही गटांना सारखाच पडला आणि ती शस्त्रक्रिया इतिहासजमा झाली.

मज्जारज्जूच्या यंत्राची अशी परीक्षा का झाली नाही? कारण मुंग्या. यंत्र बंद ठेवून रुग्णाला फसवताच येत नव्हतं. मुंग्या आल्या नाहीत की त्याला लगेच कळे. जी संवेदना उपचाराची खूण होती, तीच परीक्षेच्या आड उभी होती.

मुंग्या गेल्यावर

हा पडदा हटला तो परीक्षेसाठी नव्हे. सतत मुंग्या येणं पुष्कळ रुग्णांना नकोसं होतं, म्हणून उत्पादक बिनमुंग्यांच्या पद्धती शोधत होते. एका पद्धतीत सेकंदाला दहा हजार ठोके दिले जातात, दुसरीत ठोक्यांचे छोटे झुबके. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात तीन महिन्यांनंतर पाठदुखी निम्म्याने घटलेले रुग्ण दहा हजार ठोक्यांच्या गटात ८४.५ टक्के होते, जुन्या पद्धतीच्या गटात ४३.८ टक्के. मुंग्या हाच उपचाराचा प्राण आहे, ही समजूत इथे कोसळली. हा अभ्यास यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या पैशाने झाला होता, जसा कृष्ण कुमार यांचाही झाला होता. तेवढ्याने निष्कर्ष बाद होत नाहीत, पण वाचकाने ते ध्यानात ठेवावं.

आता बंद यंत्र आणि चालू यंत्र यांतला फरक रुग्णाला कळण्याचं कारण उरलं नाही. नॉर्वेतल्या संशोधकांनी ही संधी घेतली. मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतरही पायाची वेदना न थांबलेले पन्नास रुग्ण त्यांनी निवडले. सर्वांची प्राथमिक चाचणी यशस्वी झालेली होती, सर्वांना यंत्र बसवलेलं होतं. प्रत्येकाने तीन-तीन महिन्यांचे चार कालखंड काढले : दोन यंत्र चालू असताना, दोन बंद असताना. कोणता कोणता, हे रुग्णाला सांगितलं नव्हतं. २०२२ मध्ये निकाल आला. पाठदुखीमुळे येणारी असमर्थता मोजणाऱ्या शंभर गुणांच्या पट्टीवर चालू यंत्राने सरासरी १०.६ गुणांची सुधारणा झाली होती, बंद यंत्राने ९.३ गुणांची. संशोधकांच्या मते हा फरक अर्थपूर्ण नव्हता. पुढच्याच वर्षी कॉक्रेन या संस्थेने १३ चाचण्यांतल्या ६९९ रुग्णांच्या माहितीचा आढावा घेतला आणि कंबरदुखीवर या उपचाराचा प्लासिबोहून टिकाऊ फायदा बहुधा नसावा, असं म्हटलं.

या निष्कर्षावर वेदनातज्ज्ञांत कडाक्याचा वाद झाला आणि आक्षेप बिनबुडाचे नव्हते. नॉर्वेत विजेच्या झुबक्यांची एकच विशिष्ट पद्धत तपासली गेली होती. सहा महिन्यांच्या टप्प्यावरचा कॉक्रेनचा निष्कर्षही मुख्यतः याच पन्नास रुग्णांवर उभा होता. शिवाय दुसऱ्या पारड्यातही काही आहे. मज्जारज्जूचा प्रतिसाद मोजून दर ठोका आपोआप कमी-जास्त करणारं यंत्र ऑस्ट्रेलियात तयार झालं. १३४ रुग्णांच्या अभ्यासात असं यंत्र लावलेल्यांपैकी ८३ टक्क्यांना वर्षभरानंतर निम्मा किंवा अधिक आराम होता, स्थिर ठोके देणाऱ्या यंत्राच्या गटात ६१ टक्क्यांना. कोणतं यंत्र कुणाकडे, हे रुग्णांना आणि तपासणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. सारा परिणाम आशेचाच असता, तर हा फरक पडायला नको होता. पण तिथेही बंद यंत्राशी तुलना नव्हती, आणि खर्च त्या कंपनीचाच होता.

धोक्याची बाजूही आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे जुलै २०१६ ते जुलै २०२० या चार वर्षांत या उपकरणांविषयी १,०७,७२८ तक्रार-अहवाल आले. अहवाल म्हणजे सिद्ध झालेला दोष नव्हे. एकाच रुग्णाचे अनेक अहवालही असू शकतात. तरीही कायमच्या रोपणाआधी चाचणी घ्या आणि धोके रुग्णाला समजावून सांगा, असं पत्र प्रशासनाला डॉक्टरांना पाठवावं लागलं.

निकाल कोणाचा?

नॉर्वेच्या त्या पन्नास जणांकडे पुन्हा एकदा पाहू. यंत्र बंद असतानाही त्यांना बरं वाटत होतं. ते खोटं बोलत होते का? अजिबात नाही. इटलीच्या आघाडीवरचा सैनिक वेदनाशामक नको म्हणत होता, तेव्हा तोही खोटं बोलत नव्हता. मेंदूकडून येणारा निरोप दार मिटवू शकतो, हे तर मेल्झॅक आणि वॉल यांच्या सिद्धान्तातच लिहिलेलं होतं. किती दुखतं, याबाबत रुग्णाची साक्ष अखेरची आहे. ती नाकारण्याचा अधिकार कुणालाच नाही, आणि आधीच्या पिढ्यांनी ती नाकारून किती रुग्णांना ‘हे सारं मनाचं आहे’ म्हणून घरी पाठवलं, त्याची मोजदाद नाही. पण का कमी झालं, याची साक्ष तो देऊ शकत नाही, कारण ते त्याच्या अनुभवात नसतंच. त्यासाठी तुलना लागते, आणि या उपचाराच्या वाट्याला ती पहिल्या रोपणानंतर पंचावन्न वर्षांनी अशा नेटाने आली.

आज मुंबई-पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयांतही हे यंत्र बसवलं जातं आणि खर्च लाखांत जातो. वर्षानुवर्षं रात्री न झोपलेल्या माणसाला आकडेवारी ऐकवून माघारी पाठवावं, असं हा इतिहास सांगत नाही. त्याला निर्णय घ्यायचा आहे, तर त्याच्यासमोर सगळं ठेवावं, एवढंच सांगतो : माझ्या जातीच्या वेदनेवर या पद्धतीचा पुरावा काय, तो बंद यंत्राशी ताडून पाहिलेला आहे का, तार सरकली किंवा संसर्ग झाला तर पुढे काय, आणि डबी काढायची वेळ आली तर ती कोण काढणार. समुद्रात उभ्या असलेल्या रोमन माणसाला निदान मासा पायाखालून बाजूला करता येत होता. शरीराच्या आत गेलेल्या डबीबद्दल हे प्रश्न आधीच विचारावे लागतात.